कुंदाअक्कांची शिफारस

पारोळ्याच्या एका वाचनालयात मी एकवीस वर्षं पुस्तकं देतो-घेतो. कोणी विचारलं, "भाऊ, चांगलं काय आहे?" तर मी फार तर कपाट दाखवतो. शिफारस करावी ती कुंदाअक्कांनी.

अक्का साठीच्या. घरी कपाशीची शेती, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. त्यांना रहस्यकथाच लागायची, तीही घरगुती. खून एकच हवा आणि तोही दाराआड. बाकी चहा, शेजारपाजार, लोणच्याच्या बरण्या आणि सगळ्यांवर नजर ठेवणारी एखादी चौकस बाई. पुस्तक परत करताना त्या टेबलाशी उभ्या राहून दुसऱ्या सभासदाला गोष्टीची अशी काही गोडी लावायच्या, की तो तेच पुस्तक घेऊन जायचा. खुनी कोण, ते मात्र मेल्या तरी सांगायच्या नाहीत.

दुपारी गल्लीतल्या बायका शेंगा फोडायला, गहू निवडायला त्यांच्या ओट्यावर जमायच्या. अक्का मांडीवर पुस्तक उघडून एकेक प्रकरण सांगायच्या. समोरच्या भिकुबाई म्हणायच्या, आमच्या गल्लीत एकच गहू तीनदा निवडतात.

यंदाच्या वर्धापनदिनाला 'उत्तम वाचक' म्हणून मी हौसेनं अक्कांचं नाव सुचवलं. आवडत्या पुस्तकातलं एक पान त्यांनी वाचून दाखवावं, ही पुस्तीही माझीच. पत्रिका छापून वाटून झाल्या आणि अक्का वाचनालयात आल्या. हातात पिशवी नव्हती.

"भाऊ, मन्हं नाव काढी टाक."

"का हो?"

"माले वाचता येस नही."

मी हसलो. मग त्यांचा चेहरा बघून खुर्ची पुढे केली, आणि त्यांनी सगळं सांगितलं. सकाळचा स्वयंपाक उरकला की सून कामिनी त्यांना वाचून दाखवायची. अक्का मध्येच थांबवून विचारायच्या, तो कप धुतला कोणी? दुपारी तीच गोष्ट पुस्तक समोर धरून बायकांना सांगायच्या. कधी काळी कोणी तरी "अक्का, वाचतेस का?" म्हणालं आणि त्यांच्या तोंडून 'नाही' निघालं नाही. तेव्हापासून हे चाललेलं. गल्लीला कळलं तर बायका हसतील, ओट्यावर कोणी फिरकणार नाही, याची त्यांना धास्ती. मालक गेल्यापासून त्या ओट्यावरच्या दुपारींखेरीज त्यांना होतं तरी काय?

"त्या दिवशी आजारी पडा," मी म्हणालो. मला तेवढंच सुचतं.

"नको भाऊ. आते खोटं पुरे."

वर्धापनदिनाला सगळी गल्ली ठेवणीतली लुगडी नेसून पुढच्या रांगेत. शाल झाली, नारळ झाला. कोणीतरी अक्कांच्या हातात पुस्तक दिलं आणि माइक पुढे केला. अक्कांनी पुस्तकाकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

"माले वाचता येस नही," त्या माइकवर म्हणाल्या. "सून वाचस, मी आयकस."

माझ्या हौसेपायी या बाईची चारचौघांत शोभा झाली, म्हणून स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

भिकुबाई जागेवरूनच म्हणाल्या, "आमले माहीत शे, अक्का. तू पानच पलटस नही."

"कव्हयपासून माहीत शे?"

"पहिलं पुस्तकपासून."

एकवीस वर्षं पुस्तकांत बसून मला जे उमगलं नव्हतं, ते या बायकांनी गहू निवडता निवडता केव्हाच ताडलं होतं. आणि एकीनंही कधी ब्र काढला नव्हता. अक्का शालीत तोंड लपवून रडत होत्या.

"रडू नको," भिकुबाई म्हणाल्या. "त्या डाक्टरनी बायको कोठे गयी, ते सांग. काल अर्धंच सांगं तू."

अक्कांनी डोळे पुसले. पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि गोष्ट पुढे सांगायला लागल्या.