कोपऱ्यातली ताटवाली

आमच्या साडूंनी जितक्यांच्या मनातलं ऐकलं, तितक्यांचं साऱ्या वऱ्हाडात दुसऱ्या कोणी ऐकलं नसेल, आणि त्यांतला एकही जण हाडामांसाचा नव्हता. सगळे भिंतीवरचे, कागदावरचे, नाहीतर काचेवरचे. चित्र दिसलं की साडू उपरणं सावरून, मान जराशी वाकडी करून त्याच्यापुढे उभे राहत. मागे पाहुणे ताटकळोत, पानं वाढलेली असोत, त्यांना भान नसे. मग शेजारच्या घरातलं भांडण ऐकून आल्यासारखे ते वळत आणि हळूच सांगत, "थो डावा हत्ती उजव्यावर रुसून राहिला." आमच्या दाराच्या दोन्ही बाजूंना रंगवलेले हत्ती होते, आणि रंगाऱ्यानं डाव्याची सोंड आखूड काढली होती, एवढंच. पण त्या दिवसापासून साडू आमच्याकडे येताना डाव्या हत्तीच्या अंगानं आत शिरू लागले, आणि त्याला वाईट वाटायला नको म्हणून हळूहळू आम्हीही.

अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या जमिनीचे दिवस पालटले, त्या वर्षांतली ही गोष्ट. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, आणि अकोल्याला माझ्या थोरल्या भावाच्या बैठकीत मुंबईहून एक विलायती चित्र आलं. फुगलेल्या झग्यातली एक गोरी बाई खुर्चीवर बसलेली, मांडीवर कुत्रं. "राणी आहे," भाऊ म्हणाला. साडू बराच वेळ पाहत राहिले. "राणी असन. पन पायाले मुंग्या आल्या तिच्या. कुत्रं उठत नाई, अन् चित्र काढनारा म्हनते, हालू नका." भावाला राग आला. वहिनी मात्र दाराआडून ऐकत होत्या. पुढच्या खेपेला गेलो तर चित्राखाली भिंतीशी एक पाट मांडलेला. मी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या. तेवढाच तिला पाय टेकायला."

मी अमरावतीच्या कचेरीत कारकून. माझा स्वभाव असा, की दुसऱ्याला ठेच लागली तरी तो दगड मीच तिथे ठेवला असेल, असं मला वाटतं. त्यामुळे साडूंच्या बोलण्यावर इतर लोक हसत आणि मी हसता हसता घरी येऊन बेचैन होई. कुठल्याशा दरबाराच्या चित्रातली पंखा ढाळणारी दासी 'माह्या हाताले कोनी विचारत नाई' म्हणते, असं त्यांनी एकदा सांगितलं. त्या रात्री जेवताना मी पाण्याचा तांब्या स्वतः उठून घेतला. बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही," ती म्हणाली, "म्हणजे भावजी भेटले असणार."

साडू गावचे पाटील, शेती चांदूर बाजारकडे. बाजाराच्या दिवशी कापसाची गाडी घेऊन ते अमरावतीला येत. कापूस अडत्या शेठच्या वखारीपाशी उभा, भाव घटकेघटकेला बदलतोय, आणि गाडीचा मालक शेजारच्या मंदिरात! हे कृष्णाचं मंदिर शेठच्या वडिलांनी बांधलं होतं आणि त्याच्या एका भिंतीवर रुक्मिणीहरणाचं मोठं चित्र होतं. पाहुणा अमरावतीला आला की आधी अंबादेवीचं दर्शन आणि मग हे चित्र, असा शिरस्ताच होता. रुक्मिणी आमच्या वऱ्हाडची लेक, तेव्हा ती वऱ्हाडीतच बोलणार, याबद्दल साडूंना तिळभर शंका नव्हती. सारथी म्हणे, "हळू हाकू का जोरानं? दोघातलं कोनीच सांगत नाई." बाशिंग बांधलेला शिशुपाल म्हणे, "लगन राहू द्या, पन एवढ्या दुरून आलो, जेवन तरी घाला." बायका तोंडाला पदर लावून हसत. कृष्णाच्या मनातलं मात्र साडूंनी कधीच सांगितलं नाही. "देवाचं देवाले ठाऊक. आपुन मानसाचं पाहावं."

आणखी एक जण त्या भिंतीवर गप्प होती. अगदी कोपऱ्यात, देवीच्या पूजेचं ताट हातात धरलेली रुक्मिणीची एक सखी. अर्धा गाल ओलीनं पोपडा धरून गेलेला, नजर दूर जाणाऱ्या रथाकडे. साडू सगळ्यात जास्त वेळ तिच्यासमोर उभे राहत. "काय म्हणते?" मी विचारी. "अजून बोलली नाई. घाई काहाची हाय?" आणि तिच्या कोपऱ्यात कोणी पाठ टेकली की म्हणत, "जरा सरका बाप्पा, ताटाले धक्का लागते."

अशात एक घोटाळा झाला. मोर्शीकडचा एक शेतकरी देवळात बसला असताना, पाठलागावर निघालेला रुक्मिणीचा भाऊ रुक्मी आपल्या सारथ्याला 'आज चुकलं तं हात चोळत बसशील' म्हणतो, असं साडूंनी सांगितलं. त्या भल्या माणसानं ते मनावर घेतलं आणि थेट वखारीत जाऊन कापूस विकून टाकला. दुसऱ्या दिवशी भाव उतरला. झालं! शेठच्या देवळातलं चित्र भाव सांगतं, असं महिनाभरात सगळीकडे झालं. लोक साडूंच्या पाया पडू लागले. साडू ओरडून सांगत, "बाप्पा, थो त्याच्या गाडीवाल्याले बोलला!" कोण ऐकतो?

संक्रांत झाली होती. शेठची वखार चढ्या भावानं घेतलेल्या रुईनं, सरकी काढलेल्या कापसानं, भरली होती आणि बाजार डळमळू लागला होता. शेठनं साडूंना बोलावलं, मी बरोबर होतो.

"पाटील, चित्र तुमचं ऐकते म्हनतात."

"नाई शेठ. मी त्याचं ऐकतो."

"थेच थे. बाजाराच्या दिवशी रुक्मिणीच्या तोंडून एवढंच येऊ द्या, भाव चढनार हाय, माल घेऊन ठेवा."

साडूंनी डोळे मोठे केले. "तिच्या मांगं भाऊ तलवार घेऊन लागला, नवरा रथ पळवून राहिला, मायचं घर सुटून राहिलं. अशा वक्ताले तिले कापसाचं काय पडलं, शेठ?"

शेठ हसले नाहीत. "मंदिर माह्या बापाचं. भिंत माही. चुना बी माहाच हाय, पाटील."

बाहेर आल्यावर मी साडूंचा हात धरला. एक वाक्य बोलून टाका, म्हणालो. चित्र तरी राहील. हे मी म्हणालो, दुसऱ्या कोणी नाही. साडू थांबले. "चित्र राहीन, साडूबुवा. पन मंग थे माह्याशी बोलन का? अन् थो मोर्शीवाला बायकोच्या पाटल्या इकून रुई घेईन. कोनाच्या भरवशावर? तिच्याच ना?"

बाजाराच्या दिवशी देऊळ खांबांपर्यंत भरलं. मोर्शीवाला फडक्यात काहीतरी बांधून पुढेच बसला होता. शेठ गादीवर. साडू भिंतीपुढे उभे राहिले, मान वाकडी केली. त्यांची नजर रुक्मिणीवरून सरकत सरकत कोपऱ्यात गेली आणि तिथेच राहिली. इतका वेळ, की कोणीतरी खाकरलं.

"आज ताटवाली बोलली," साडू म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "म्हनते, मी पूजेचं ताट घेऊन उभी हाय. रुक्मिणी गेली, पन मले सांगून नाई गेली. आता हे ताट घरी न्यावं का इथंच ठेवावं, थेही मले कोनी सांगत नाई. जिले सोताचं पुढचं समजत नाई, तिले तुमी बाजाराचं पुढचं काहून विचारता, बाप्पा?"

मग ते लोकांकडे वळले. "या भिंतीवरचं कोनी भाव सांगत नाई. कवा सांगितला, तं थो माहा आवाज समजा. घ्याचं त्यानं आपल्या अकलेनं घ्यावं."

कोणी हसलं नाही. मोर्शीवाल्यानं फडकं काखेत मारलं आणि तो उठला. मागोमाग इतर उठले.

त्याच आठवड्यात दोन माणसं चुन्याच्या बादल्या घेऊन देवळात आली. मी घाबरून साडूंना निरोप पाठवला. ते आले, भांडले नाहीत, रडले नाहीत. चुना मारणाऱ्यांना एवढंच म्हणाले, "कोपऱ्यातलीवर शेवटी मारा."

मला वाटलं, आता हा माणूस खचला. पण पुढच्या बाजाराला गाडी वखारीपाशी सोडून साडू देवळात हजर. पांढऱ्या भिंतीसमोर उपरणं सावरलं, मान वाकडी केली, आणि सारथी हळू हाकू का विचारू लागला. पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो. मग दोन म्हाताऱ्या आल्या. एक म्हणाली, "पाटील, घोडा तिकडं नाई, इकडं होता." साडू आनंदानं दोन पावलं सरकले. असं करत करत ती कोरी भिंत पुन्हा भरली. फक्त पाठ टेकणाऱ्याला "जरा सरका" सांगावं लागे.

पुढे तिकडची लढाई मिटली आणि भाव कोसळला. शेठची वखार लिलावात गेली. एका दुपारी ते एकटेच देवळात आले आणि नेमके त्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले. साडू जवळ गेले.

"शेठ, जरा सरका. ताट हाय तिथं."

शेठनं वर पाहिलं. मग कधी काळी लाखांचे सौदे करणारा तो माणूस हाताच्या आधारानं वीतभर बाजूला सरकला. भिंतीकडे बोट करून म्हणाला, "काय म्हनते?"

साडूंनी मान वाकडी केली. "म्हनते, शेठ दमले दिसतात. बसू द्या त्याईले. मले बी कोनीतरी बस म्हना, म्हनते."

शेठ भिंतीकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात जोडले. "बस माय," ते म्हणाले. "ठेव थे ताट. बस."

ती बसली की नाही, ते साडूंनी सांगितलं नाही, आणि आता विचारायला साडू नाहीत. बाजाराच्या दिवशी कचेरी सुटली की मी देवळात जातो, त्यांच्यासारखी मान वाकडी करून त्या कोपऱ्यापुढे उभा राहतो. मला काही ऐकू येत नाही. मग बसतो; पण भिंतीपासून जरा अंतर ठेवून, न जाणो, अजून उभीच असली तर.