मारुतीचे डोळे

आमच्या धायरीतल्या सोसायटीची गेटाजवळची भिंत गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी कायमची लाल झाली होती. दंडाची पाटी लावून पाहिली, तर लोक पाटीवरच थुंकले. मग कमिटीला मी आठवलो. मी चित्रं काढतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा उपयोग पहिल्यांदाच सापडला होता.

"अहो, एखादा देव काढून टाका," अध्यक्ष म्हणाले. "देवावर कोणी थुंकत नाही."

मी हरखलो, खोटं कशाला बोलू? मला चित्रकला कोणी शिकवलेली नाही. कोकणातली चित्रकथीची, म्हणजे रामायण-महाभारत सांगताना लोकांपुढे धरायची जुनी चित्रं बघून बघूनच हात बसला. बँकेतून रिटायर झालेल्या बाबांचा माझ्या प्रत्येक चित्रावर एकच अभिप्राय असे, "कागद चांगला होता." आता कागदच नव्हता. या भिंतीवर तरी त्यांच्या तोंडून 'छान' वदवून घ्यायचंच, असं मी ठरवलं.

द्रोणागिरी घेऊन निघालेला मारुती काढला. चेहरा एका बाजूने, त्यामुळे डोळा एकच, आणि तो मी मुद्दाम कोरा ठेवला. डोळा सगळ्यात शेवटी, हा माझा नियम. या चित्रांचा सगळा जीव त्या मोठ्या डोळ्यात असतो. भिंतीवरचा रंग वाळेपर्यंत घरी कागदावर तोच गिरवत बसलो.

"बाबा, डोळा झाला की बघायला या."

"मारुतीलाच अजून दिसत नाही, मला कसली घाई?"

शनिवारी सकाळी ब्रश घेऊन खाली उतरलो. मारुतीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ, पायाशी नारळ, डोंगरावरून तेलाचे ओघळ. आणि एका बाजूने काढलेल्या त्या चेहऱ्यावर पूजेच्या दुकानात मिळतात तसले चांदीचे डोळे चिकटवलेले. चांगले दोन, शेजारी शेजारी. मला राग आला, आणि रडूही.

"चपला! चपला काढा आधी!" तळमजल्यावरच्या काकू ओरडल्या.

"काकू, हे चित्र मी काढलंय."

"असेल. आता देव आहे तो. आंघोळ झालीये का तुमची?"

झाली नव्हती. अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "आता हात लावू नका, लोकांच्या भावना आहेत. आणि थुंकणं बंद झालं की नाही?" झालं होतं. मंडळी आता समोरच्या सोसायटीच्या भिंतीवर थुंकत होती.

तेवढ्यात दूध घेऊन बाबा आले. त्यांनी चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि बराच वेळ बघत उभे राहिले.

"छान," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

मग चपला पायात सरकवत म्हणाले, "विशेषतः डोळे."