भाऊंच्या जास्तीच्या तपासण्या

नव्वदीच्या दशकात पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात वजनकाट्यांसाठी ड्रायव्हर लिहिले जात. ड्रायव्हर म्हणजे संगणकात बसवलेलं काट्याचं कार्ड आणि संगणक यांची बोलणी जुळवून देणारा प्रोग्राम. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात चालतो, त्यामुळे तो अडखळला की सगळा संगणकच ठप्प. लिहायचे आमचे मालक. त्यांना सगळे भाऊ म्हणत. मी पत्रं टाइप करायला होते. मला मात्र ड्रायव्हरच लिहायचा होता, आणि त्यासाठी मी भाऊंचं डोकं खात असे.

एकदा वैतागून त्यांनी कोडचे छापील कागद माझ्यापुढे टाकले. "वाच. काही सापडलं तर सांग."

वाचताना मला हसू आवरेना. कार्डाचा पत्ता ज्या पॉइंटरमध्ये, तो नल म्हणजे रिकामा तर नाही ना, हे भाऊ प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या तुकड्याच्या, दारात विचारत होते. एकाने खात्री करून आत सोडलं, तरी पुढचं पुन्हा तेच विचारणार. पंगतीत वरण-बट्टी वाढणारे 'अजून एक घ्या' म्हणत असेच छळतात. मी सपासप रेघा मारल्या. पहिल्याच फंक्शनमध्ये मात्र भाऊ आधी पॉइंटर वापरत होते आणि तो रिकामा आहे का, हे खालच्या ओळीत विचारत होते. म्हणजे बसून झाल्यावर खुर्ची आहे का ते बघायचं! ती एक तपासणी मी वर नेली, बाकीच्या काढल्या.

भाऊ तापले. "ऱ्हाऊ दे ना अक्का! खावाले मांगतस का त्या तपासण्या?"

"भाऊ, त्या गर्दीत खरी कामाची चुकीच्या जागी बसली, ते तुम्हालाही दिसलं नाही."

"चाल फैजपूरले. तुना ड्रायव्हर बंद पडना, तर परत कोडनं नाव काढू नको."

फैजपूरला केळीच्या काट्यावर आम्ही, पॉइंटर रिकामाच राहावा म्हणून, कार्ड काढून ठेवलं आणि संगणक सुरू केला. भाऊंच्या ड्रायव्हरने पडदा गोठला. मग माझा चढवला. पडद्यावर 'कार्ड सापडत नाही' असं उमटलं, आणि संगणक शहाण्यासारखा पुढच्या हुकमाची वाट पाहू लागला. मी टाळ्या वाजवल्या. काटाच चालत नाही तर ही बाई नाचते कशाला, हे काटेवाल्याला कळेना.

परतताना नशिराबाद आलं. भाऊ म्हणाले, "पुढला ड्रायव्हर तू लिख. तपासाले मी शे ना."

मला इतका आनंद झाला की त्याची पहिली ओळ मी गाडीतच मोठ्याने म्हणून दाखवली. भाऊंनी लगेच तिच्यात एक चूक काढली.