जुन्नरचं जुनेर

पैठणला विणतात ती पैठणी, तसं जुन्नरला विणतात ते जुनेर, असं मी नवी नवरी असताना धरून चालले होते. हसू नका. सातवी पास होते मी, आणि वर शहरातली. फुलंब्रीच्या पलीकडच्या आडगावात येऊन पडलेली सातवी पास सून ही काय चीज असते ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. मला येत नाही अशी गोष्ट जगात नव्हती, आणि जी येत नसे ती मी कुणाला विचारत नसे. त्यामुळं जुनेर म्हणजे काय हेही विचारलं नाही. सरळ कात्री चालवली.

जुनेर म्हणजे नेसून नेसून मऊ पडलेलं जुनं लुगडं. बस्स, एवढंच. त्याला गाव नाही, वीण नाही, काठपदराचं कौतुक नाही. गोधडीला, म्हणजे आमच्या गावच्या बोलीत वाकळीला, मात्र त्याच्याइतकं चांगलं कापड दुसरं नाही. सुई त्यातून सळसळत जाते, आणि पांघरलं की अंगावर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं. कोऱ्या कापडाची वाकळ मात्र वर्षभर पाहुण्यासारखी ताठ बसून राहते. हे सगळं मला आज ठाऊक आहे, कारण त्यानंतर उभा जन्म मी वाकळा शिवत आले. इथं शहरात मुलाच्या फ्लॅटमध्येसुद्धा बाल्कनीत एक पसरलेली असतेच. नात तिचे फोटो काढून कुणाकुणाला पाठवते आणि मला म्हणते, आजी, लोक ह्या भिंतीवर लावतात. लावू देत. भिंतीला थंडी वाजल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

तर ती पहिली वाकळ.

सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणायची रीत. आमच्या आत्याबाई उंच, काळ्यासावळ्या आणि कमी बोलणाऱ्या. अक्षर एक येत नव्हतं, पण पौर्णिमेला वंदना म्हणायला बसल्या की पालीतली एक ओळ चुकायची नाही. मी शाळा शिकलेली, पण दोन ओळींनंतर नुसते ओठ हलवायची आणि एक डोळा किलकिला करून कोण काय नेसून आलंय ते बघायची. आत्याबाईंचे दोन्ही डोळे मिटलेले असायचे, तरी वंदना संपली की माझ्याकडं बघून म्हणायच्या, "झाली का बघून?"

वस्तीत तेव्हा विहार बांधायचं चाललं होतं. बाया शेतातून आल्या की डोक्यावर दगड वाहायच्या. भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे चढले, आणि वैशाखी पौर्णिमेला शहरातून बुद्धाची मूर्ती आणायचं ठरलं. त्याच सुमारास नणंदेच्या बाळंतपणाला आत्याबाईंना जावं लागलं. निघताना मला सांगून गेल्या, की पेटीतलं पांढरं जुनेर खाली अंथर, वर घरातल्या चिंध्या लाव आणि मी येईपर्यंत एक वाकळ शिवून ठेव. मी मान डोलावली. माझ्या माहेरी वडील गिरणीत होते, आम्ही विकतच्या चादरी पांघरायचो. वाकळ मी पांघरलेलीसुद्धा नव्हती, शिवणं तर लांबच.

लोखंडी पेटी उघडली. वरच एक पांढरं होतं, पण इतकं विरलेलं, की आत हात घातला तर बोटं मोजता यावीत. जागोजाग रफू केलेलं आणि पिवळट. पेटी पुसायचं फडकं असेल म्हणून मी ते दोन बोटांनी बाजूला सारलं. तळाशी, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेलं दुसरं पांढरं लुगडं निघालं. बारीक निळा काठ, घट्ट पोत. हात फिरवला आणि मनात म्हटलं, जुन्नरचं काम ते जुन्नरचंच. त्या विरलेल्या फडक्याला जुनेर म्हणावं, हे माझ्या सातवी पास डोक्यात आलंच नाही.

तीन तुकडे केले. एकमेकांना जोडून अंगणात अंथरले, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि वर चिंध्या मांडायला बसले. स्वतःवर इतकी खूश होते, की गुणगुणत होते.

आमच्या शेजारी पिंजाऱ्याचं घर. त्यातला नवरा शहरात शहागंजात गाद्या भरायला जायचा आणि बायको घरी वाकळा, रजया शिवायची. तिला सगळं गाव भाभी म्हणायचं, मीही म्हणायची. ती माझ्याहून जराशी मोठी, पण बोटं अशी, की कापडाशी बोलतायत असं वाटावं. आत्याबाईंनी जाता जाता तिला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं, हे मला फार पुढं कळलं. ती आली, वाकळीच्या एका कडेला मांडी घालून बसली, नेहमीसारखं बिस्मिल्ला म्हणून पहिला टाका घातला आणि थांबली. सुई कुरकुरली. तिनं दुसरा घातला. मग कोपरा उलटून खालचं कापड नखानं खरवडलं.

"जुनेर में सुई ऐसी नई अटकती गे," ती म्हणाली. "क्या डाली तू?"

मी तिला मोठ्या दिमाखानं जुन्नरची सगळी हकीकत सांगितली. जुन्नर कुठं आहे, तिथं विणकर असणारच, पैठणीचं कसं, महेश्वरीचं कसं. भाभी ऐकत गेली आणि मग इतकी हसली, की पदराचा बोळा तोंडात कोंबून वाकळीवरच आडवी झाली. मला वाटलं, अडाणी आहे बिचारी. तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोर तो निळा काठ आला आणि तिचं हसणं तिथल्या तिथं विझलं.

ते लुगडं तिनं बघितलं होतं. वर्षातून एकदा आत्याबाई ते उन्हात घालायच्या, जवळ बसून राखण करायच्या, नवा पाला घालून परत ठेवायच्या. कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. भाभीला त्यांनी एकदा आपण होऊन सांगितलं होतं. लहानपणापासून त्यांनी मोठ्या घरांतल्या बायांनी टाकलेलीच लुगडी नेसली होती. काम करायचं आणि सणाला एक जुनेर पदरात घ्यायचं, तेही लांबून टाकलेलं. दीक्षा घ्यायला निघाल्या तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या मजुरीनं कोरं पांढरं लुगडं घेतलं. ज्याची घडी दुसऱ्या कुणी मोडली नाही असं, आयुष्यातलं एकच. दीक्षेला नेसल्या आणि घरी येऊन घडी घातली. पुढं लेक कमावता झाला तरी कोरं घ्यायला नको म्हणायच्या. कोरं अंगाला टोचतं, मला थोरल्या बहिणीचं नेसलेलंच द्या. आता मूर्ती येईल त्या दिवशी ते दुसऱ्यांदा नेसायचं, एवढं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

मूर्तीसाठी त्यांनी एक लुगडं राखलंय हे मलाही ठाऊक होतं. पण दर पौर्णिमेला त्या एक पांढरं नेसायच्या, तेच ते असं मी समजत होते, आणि ते तर त्या बरोबर घेऊन गेल्या होत्या.

मी रडायला बसले. भाभीनं माझ्याकडं बघितलं नाही, ती कापडाकडंच बघत होती. उसवून काही उपयोग नव्हता, तीन तुकड्यांचं लुगडं होत नाही. मग तिनंच युक्ती काढली: तसंच दुसरं आणायचं, जुनं करायचं, पेटीत ठेवायचं. आणि वाकळीच्या खालच्या अंगाला आणखी एक रंगीत कापड लावून पांढरं मधोमध गडप करायचं. कुणाला सांगणार नाही म्हणून तिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

माहेरी जाऊन येते असं ह्यांना सांगून मी निघाले, भाभी सोबतीला. फुलंब्रीहून एसटी धरली, शहरात उतरलो आणि गुलमंडीत पोचतो न पोचतो तोच एका दुकानात शिरून मी विचारलं, दीक्षेच्या वेळची लुगडी आहेत का? दुकानदारानं माझ्याकडं असं पाहिलं, की भाभीनं मला कोपरानं मागं ढकललं आणि पुढचं बोलणं स्वतःच्या हातात घेतलं. निळ्या काठाचं पांढरं मिळालं. काठ जरा रुंद होता. भाभी म्हणाली, बुढी की नजर कमजोर है. पहिली चूक माझी, ही दुसरी आमची दोघींची.

मग ते लुगडं धुतलं, कडक उन्हात वाळवलं, परत धुतलं. घड्या पडाव्यात म्हणून भाभीनं ते आपल्या अंथरुणाखाली दाबून ठेवलं. त्या दिवसांत मी जे शिकले ते कुठल्या शाळेत मिळालं नसतं. टाका कडेकडून आत आत कसा न्यायचा, दोरा ओढायचा किती आणि सोडायचा किती, चिंधी हातात घेतली की ती कुणाच्या अंगावरची ते कसं ओळखायचं. माझे टाके मुंग्यांना उधळून लावल्यासारखे जायचे, भाभी ते उसवायची आणि काही न बोलता परत घालायची. रोजा असला तर ती दुपारभर गप्प असायची आणि मी दोघींचं बोलायची. आजही वाकळ पसरली की माझ्या समोरची कड मला रिकामी वाटते. भाभी जाऊन बरीच वर्षं झाली.

आत्याबाई आल्या. आल्या आल्या वाकळ मागितली. हातानं दाबून बघितली, कड चिमटीत धरली, वजन घेतलं. "जड झालीय," म्हणाल्या आणि आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज झाला तेव्हा मी चुलीपाशी भाकरी थापत होते. भाकरीला तीन कोपरे आले. पेटी बंद झाल्याचा आवाज झाला. आत्याबाई बाहेर येऊन दाराशी बसल्या आणि सुपातल्या डाळीतले खडे काढायला लागल्या. मी सुटले असं वाटलं. भाभीला खूण केली. तिनं भिंतीपलीकडून खूण केली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला ट्रॉली निघाली. आमचे हेही त्यात होते. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून खाली काहीतरी मऊ पाहिजे होतं. लोक गवताचे भारे बघत होते. आत्याबाई घरातून ती वाकळ घेऊन आल्या. नवी वाकळ कशाला, जुनी दे, असं हे म्हणाले. आत्याबाई ट्रॉलीत स्वतः चढल्या, वाकळ नीट दुहेरी अंथरली, सुरकुती काढली आणि उतरल्या.

पौर्णिमेला सकाळी त्यांनी पेटीतलं नवं पांढरं काढलं. मी दारात उभी. त्यांनी घडी उलगडली, काठ बघितला, आणि नेसल्या. मूर्ती आली, वस्ती सगळी पांढरी झाली होती. पुरुषांनी मूर्ती उतरवली, आत नेली. बाया मागोमाग गेल्या. आत्याबाई एकट्या मागं राहिल्या आणि ट्रॉलीतल्या वाकळीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या, जसा त्या नणंदेच्या तान्ह्या बाळावरून फिरवत. मग आत येऊन बसल्या, डोळे मिटले. त्या दिवशी मीही दोन्ही डोळे मिटले होते. उघडायची हिंमत नव्हती.

दिवस कलता कलता आम्ही घरी आलो. आत्याबाईंनी वाकळ झटकली, घडी घातली आणि पेटी उघडून मला जवळ बोलावलं. पेटीत वरच ते पिवळट, विरलेलं, रफू केलेलं पांढरं पडलेलं होतं. जसंच्या तसं. आम्ही दोघी शहाण्यांनी नवं आणलं, धुतलं, दाबलं, लपवलं, आणि जे वापरायला सांगितलं होतं ते तिथंच राहू दिलं. पेटी उघडली त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं होतं.

त्यांनी ते उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. माझा हात धरून त्यावरून फिरवला. खरंच, लोण्यासारखं होतं. तेवढ्यात दारामागून खुसखुस ऐकू आली. भाभी पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती, आणि तिच्या शपथेचं काय झालं ते मला तिथंच कळलं. आत्याबाईंनी पदर सावरला. अंगावरच्या त्या नव्या लुगड्याचा रुंद काठ बोटानं सरळ केला आणि म्हणाल्या,

"ह्याला म्हणत्यात जुनेर, ध्यानात ठिव. ते लुगडं माझ्या आधी मूर्तीपाशी गेलं, त्याचं मला काय बी वाटत नाय. पर जल्मात माझ्या अंगाला दोनच कोरी लुगडी लागली, एक म्या घेतलं आन् एक तुझ्या येडेपणानं आलं. आता तिसरं पायजे मला, तवा जाय पुन्हा जुन्नरला."