जुमागुलच्या गाडीतली धूळ

आमच्या डोंगरातल्या आतबाशीच्या टॅक्सी स्टँडवर माझी चहाची टपरी आहे. कोण गाडीतून हसत उतरलं आणि कोण शिव्या देत, हे मला चहाच्या पाण्याच्या समोवारापासून न हलता कळतं. जुमागुलच्या गाडीतून उतरणारे खोकत उतरायचे. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या आणि रस्त्यावरची सगळी धूळ त्या भोकातून वर यायची. तिच्या डोक्यावरचा काळा रुमाल संध्याकाळपर्यंत राखेच्या रंगाचा होई.

काळा रुमाल नवऱ्याच्या दुखवट्याचा, वर्षभर बांधायचा. तो गेल्यावर ती त्याच्या जागी स्टिअरिंगवर येऊन बसली, तेव्हा स्टँडवरचा एक जण म्हणाला, "आता बायका गाड्या हाकणार, आपण घरी बसून नान भाजू या."

तिनं काच खाली केली. "भाजा की! फक्त करपवू नका, मला दुपारी भूक लागते."

तेव्हापासून ती मला आवडते. लपवायचं कशाला?

तिच्या दिराला, इशेनबेकला, मात्र ती डोळ्यांत सलत होती. स्वतःची गाडी त्यानं दारू पिऊन नदीत घातली होती आणि आता भावाच्या गाडीवर डोळा होता. एक दिवस माझ्या टपरीसमोरच तो म्हणाला, "वहिनी, वर्षाचं जेवण झालं, तुझं काळं उतरलं, की किल्ली माझ्याकडे. तुला साधं रबर बदलता येत नाही. माणसं बसत नाहीत तुझ्या गाडीत."

"धूळ थांबवली तर?"

"मग पांढरा रुमाल बांधून घरापासून स्टँडपर्यंत ये. पांढरा राहिला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"सगळ्यांनी ऐकलंय हं, भावजी."

तिच्या जुन्या गाडीचं रबर बाजारात कुणाकडेच मिळेना. मग तिनं ट्रकच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. धूळ थांबली, पण आमच्या थंडीत ते रबर लाकडासारखं कडक झालं, दांड्याला मागं रेटू लागलं आणि ऐन चढावर गिअर निसटला. गाडी माणसांसकट मागं घरंगळली. ब्रेक लागला म्हणून निभावलं. इशेनबेकनं ही गोष्ट तिखटमीठ लावून बाजारभर केली. जुमागुल रडली नाही. ती ट्यूब माझ्या समोवाराच्या विस्तवात जाळायला निघाली होती, मीच हात धरला.

उपाय सासूनं काढला. सासू म्हणजे इशेनबेकचीच आई. आमच्या म्हाताऱ्या पायात मऊ कातड्याचे उंच मोजे घालतात, बाहेर जाताना त्यावर गलोश, म्हणजे वरून चढवायचे रबरी बूट. म्हातारीनं एका पायातला मोजा ओढून काढला. "हा घे. सगळा हिवाळा माझा घोटा यात वळतो, तुझा दांडा का नाही वळणार?"

जुमागुलनं मोज्याचं पाऊल कापून टाकलं आणि पोटरीवरच्या कातड्याला मेंढीची चरबी चोळली. दांड्याची मूठ फिरवून काढली, कातडं वरून सरकवलं, वरचं अरुंद तोंड तारेनं आवळलं आणि खालचं रुंद तोंड गाडीच्या तळावरच्या लोखंडी कड्याखाली दाबून स्क्रू पिळले. सगळे गिअर टाकून पाहिले. एकही निसटला नाही.

वर्षाच्या जेवणाला सासूनं स्वतःच्या हातानं तिचं काळं उतरवून पांढरा रुमाल बांधला. हात धुऊन जुमागुल सरळ गाडीत जाऊन बसली. पुढे सासू, मागे इशेनबेक आणि चार नातेवाईक.

गाडी स्टँडवर आली तेव्हा बाहेरून ओळखू येत नव्हती, इतकी धूळ चढलेली. जुमागुल उतरली. मी टपरी तशीच सोडून धावले आणि तिच्या रुमालाचं टोक उलटसुलट करून पाहिलं. पांढरंशुभ्र! मला इतका आनंद झाला की मी तिथंच ओरडले.

इशेनबेकनं मागून उतरून तिच्यापुढे हात केला. "रुमालाचं राहू दे. घरात पुरुष असताना गाडी बाईकडे शोभत नाही. किल्ली दे."

"तोंड उघडणार नव्हतात ना, भावजी?"

"किल्ली!"

जुमागुल वाकली. सीटखालून तिनं ते जुनं, फाटकं रबर काढलं आणि त्याच्या पसरलेल्या तळहातावर ठेवलं.

"घ्या. भावाच्या गाडीतला तुमचा वाटा."

म्हातारी पुढच्या सीटवरून हललीच नाही. तिनं फक्त काच खाली केली आणि पोराला म्हणाली, "बाजूला हो. आम्हाला पुढे जायचंय."