दुधीवरची नखं

मे संपत आला की आमच्या कॉलनीतल्या रविवारच्या शेतकरी बाजारात भाजी कमी आणि ऊन जास्त असतं. परवा सुमनताईंच्या टोपलीत अगदी थोडेच दुधी होते, कोवळे, अंगावर लव असलेले. नदीपलीकडच्या गावाहून त्या ते घेऊन येतात. माझ्या आधी उभ्या असलेल्या बाईंनी एकेक दुधी उचलून त्यात अंगठ्याचं नख रुतवायला सुरुवात केली.

"कोवळेच आहेत हो, आज सकाळी तोडलेत. नख नका लावू," सुमनताई म्हणाल्या.

"बघितल्याशिवाय कसं घ्यायचं?" म्हणत बाईंनी उरलेल्यांनाही नख मारलं आणि काहीच न घेता त्या पुढे निघाल्या.

माझं डोकं सणकलं. विहिरी आटलेल्या दिवसांत कुणीतरी वेल जगवतं, फळ ओल्या फडक्यात गुंडाळून आणतं, आणि आपण ते विकत घ्यायच्या आधीच जखमी करतो. दुकानातल्या पाकिटाला हीच बोटं किती अदबीनं लागतात! मी ओरडलेच, "अहो बाई, आता हे दुधी कोण घेणार?"

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. सुमनताईंनीच माझा हात धरला. "नका बोलू, ताई. तुम्ही भांडून घरी जाल. मला पुढच्या रविवारी त्यांच्यासमोरच बसायचंय."

सुमनताईंनी पदरानं दुधींवरचे रसाचे थेंब पुसले आणि नखांच्या खुणा खाली जातील असे ते पुन्हा मांडले.