सरपंचांच्या गाडीतून आलेला वार्ताहर

भोकरदनच्या बसस्टँडसमोर चहा घेताना तो वार्ताहर मला नेहमी भेटायचा. कुणी काही सांगू लागलं की तो विचारायचा, "पाह्यलं का ऐकलं?" ऐकीव असेल तर खिशातला पेन बाहेरच यायचा नाही. तरी माझा त्याच्यावर पुरता विश्वास नव्हता, कारण आमच्या सरपंचांशी त्याची दोस्ती होती.

टाकीच्या पाण्यानं गावात माणसं आजारी पडली. माझी बहीण गावची आशा सेविका. तिनं कुणाला कळवलंच नाही, असं सरपंच सांगत सुटले. बातमी घ्यायला तो आला, तोही त्यांच्याच गाडीतून. आल्याआल्या त्यानं बहिणीलाच विचारलं.

"ताई, दवाखान्यात कधी कळवलं तुम्ही?"

"उशिराच. सरपंच म्हणले, बोभाटा नको."

हे तिनं का सांगितलं, म्हणून मी हवालदिल झालो. तो मात्र बूट काढून थेट टाकीच्या गंजक्या शिडीवर चढला.

"अरे, कशाला चढून राह्यला? पडशील!" सरपंच खालून ओरडत होते. त्यानं वर झाकण सरकवून फोटो काढले.

सकाळी मी पेपर उघडला. टाकीत मेलेली कबुतरं होती, हे पहिल्याच ओळीत होतं. शेवटी मात्र आशा सेविकेनं उशिरा कळवल्याचंही होतं. मी चिडून त्याला फोन लावू लागलो, तर बहिणीनं हात धरला.

"राहू दे दादा. पोरं उलट्या करत होती अन् मी थांबल्ते. खोटं कुठं लिहिलं त्यानं?"

आणि ती आजाऱ्यांच्या घरांकडे निघाली.